शाइस्ताचं लाल बटन

शाइस्ता आमच्या औरंगपुऱ्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. पोरगी लई भित्री. बॅनरवरचं नाव छापायच्या आधी तीनदा वाचणार, मग मलाही वाचायला लावणार. मी वैतागतो. पण आमचं रक्तदात्यांचं वेबपेज चालतं ते तिच्याच जिवावर. नंबर, रक्तगट भरून 'रक्त हवंय' हे बटन दाबलं, की आमचे फोन वाजतात.

परवा सकाळी तिथलं हिरवं बटन काढून लाल लावायचं होतं. तिनं पानाच्या कोडमधी जेक्वेरीची एक ओळ लिहिली: जुनं काढ, त्याच जागी नवं ठेव. लाल बटन झकास दिसलं.

"सुदर्शनभाऊ, थांबा, दाबून बघते."

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी खेकसलो, "किती तपासशील बाई! आधी हा वाढदिवसाचा बॅनर काढ."

दोन वाजले तरी फोन गप्प. मी म्हणालो, "आज समदं शहर ठणठणीत दिसतंय!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊ, रोज दुपारपर्यंत चार-पाच तरी येतात." तिनं बटन दाबलं. माझा फोन वाजलाच नाय.

"या अल्लाह!"

दाबल्यावर काय व्हायचं, ते जुन्या बटनाला जोडलेलं होतं. जुन्यासंगं तेही गेलं. दारावरची बेल बदलली आन् वायर जोडायची राहिली, तसं. सकाळपासून कुणी कुणी दाबलं असंल? कळायला काहीच मार्ग नव्हता.

तिनं लगेच दुरुस्ती केली. पाचच मिनिटांत फोन वाजला. ओ निगेटिव्ह पाहिजे. आलेल्या नंबरवर मी फोन लावला. सोयगावचे आप्पासाहेब, सुनेला बाळंतपणाला इथं शहरातल्या दवाखान्यात आणलेलं. "अकरापासून परत परत पान उघडून दाबतोय ओ!" ते रडत होते.

ओ निगेटिव्ह म्हणजे माझाच गट. स्कूटीवर मागं बसून शाइस्ता दवाखान्यापर्यंत पुटपुटत होती, "वाचू दे, वाचू दे." मी हॉर्न दाबत वाट काढत होतो.

सून वाचली. अजून तासभर गेला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. आप्पासाहेबांनी शाइस्तापुढं हात जोडले. "पोरी, तुमच्या बटनानं वाचवलं."

"काका, बटन सकाळपासून बंद होतं. चूक माझी."

त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

घाई मी केली होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो, आन् माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाय.