आक्काच्या दंडाची पट्टी

सुनीताचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या बसस्थानकावर होतो, दवाखान्याकडंच निघालो होतो. "मामा, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते. माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेली होती आणि मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली... आता त्या पट्टीचं कुणी बोलेल का?

दीड महिना झाला. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावात एकच बोललं जातं, सुनेनं हात चोळून चोळून सासूला मारलं. हे खोटं आहे.

आक्काच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या. पुढं त्या बाजूचा हात सुजू लागला. दवाखान्यात सुनीताला समजावलं होतं, की हे अंगातलं पाणी, लसिका, कातडीखालच्या बारीक वाटांनी जातं. स्नायू हलले, श्वास खोल घेतला की पुढं सरकतं, आतल्या झडपा त्याला मागं येऊ देत नाहीत. काखेतला रस्ता मोडलाय, म्हणून हलक्या हातानं ते खांद्याकडं न्यायचं. ती रोज तसं करायची. आक्का बोटांची उघडझाप करत चिडवायची, "म्हैस पिळल्यावानी करू नको गं."

ते पाहून मी घाबरलो. पाणी छातीकडं चाललं होतं. आमच्याकडं साप चावला की विष चढू नये म्हणून वर करकचून बांधतात, मला तेच सुचलं.

"काळजात गेलं म्हंजे?"

"मामा, ह्या पाण्याला ढकलायला काळीज नसतंय. आपल्यालाच वर न्यावं लागतंय."

सुनीता पाणी भरायला गेली, तेव्हा मी जुन्या धोतराची पट्टी फाडून आक्काच्या दंडाला बांधली. "लय आवळलंस रे बापू," ती म्हणाली. मी म्हणालो, राहू दे.

हात फुगला, कातडी तडकली, तिथून जंतू शिरले, ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडावरचा वळ पाहून विचारलं, हे कुणी केलं? सुनीतानं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहत राहिलो... आणि ती माझ्या वयाला मान देऊन गप्प बसली.

परवा हे सगळं लिहून काढलं आणि तिला आक्काच्या खोलीत वाचून दाखवलं. बाजेवर उशी तशीच आहे, सुजलेला हात टेकवून पडलेला खळगा तिच्यात अजून दिसतो. भावकी काय म्हणेल ही धास्ती होतीच. सुनीतानं त्या खळग्यावर हात ठेवला.

"मी ती पट्टी सोडायला गेल्ते मामा, दोन येळा. आत्याबाईनं हात लावू दिला न्हाई. म्हणल्या, भावानं बांधलीय, राहू दे."