तिसऱ्या मजल्यावरची मांजर

मांजर आमच्या घरात आली ती माझ्या आईच्या पिशवीतून. आईचं घर वसईत, खाडीकडच्या गावात. पुढे अंगण, मागे भाताची खाचरं, त्यापलीकडे खाडीच्या भरतीचं पाणी शिरणारं खाजण. तिच्या पडवीत एका मांजरीने पिल्लं घातली होती. त्यातलं एक ती वालाच्या शेंगा आणि सुक्या जवळ्यासोबत कापडी पिशवीत घालून फुलपाड्याला आमच्याकडे घेऊन आली.

"उंदीर खाईल," म्हणाली.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर नव्हते. पण पिल्लू परत कोण नेणार? राहिलं. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. 'अगं ए' म्हटलं की ती कान वळवायची, तेवढ्यावर आमचं भागायचं.

घरात आम्ही दोघंच. नवऱ्याची नोकरी वालीवला, एका छोट्या कारखान्यात. माझी माणिकपूरला शाळेत. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडायचो, संध्याकाळी परत यायचो. मांजर तेव्हा पलंगावर झोपलेली असायची. मी सगळ्यांना सांगायचे, "आमची मांजर फार शहाणी. दिवसभर झोपून असते." दिवसभर ती काय करत होती हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

ते कळलं माझा पाय मोडल्यावर.

बाथरूममध्ये घसरले आणि डाव्या पायाचा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली, वर प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, पाय अजिबात टेकायचा नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नवरा आणि शेजारचे दोघे यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि मी डोळे मिटून घ्यायचे. वर पोहोचल्यावर सगळे घाम पुसत म्हणाले, "चला, आता आराम करा."

नवऱ्याला कामावर जाणं भाग होतं. तो जाताना बाहेरून कुलूप लावायचा.

"दार वाजलं की तू उठणार, आणि पडणार," तो म्हणायचा. "त्यापेक्षा हे बरं. एक किल्ली तळमजल्यावरच्या ताईंकडे ठेवलीय. काही लागलं तर फोन कर, त्या येतील वर."

त्यात चुकीचं काही नव्हतं. पण कुलपाची कडी बाहेरून सरकायची तो आवाज मी रोज ऐकायचे, आणि त्याची पावलं जिना उतरून जायची तीही. मग घर एकदम बंद व्हायचं.

पहिल्याच दिवशी पाहिलं, पावलांचा आवाज संपला तशी मांजर पलंगाखालून निघाली आणि थेट दाराशी गेली. दाराच्या खालच्या फटीला नाक लावून बसली. जिन्यावरून कुणी गेलं की कान पुढे. कुणी थांबलं की उठून उभी. बऱ्याच वेळाने ती तिथून उठली आणि बाल्कनीत गेली. कबुतरांसाठी आम्ही तिथे जाळी लावली होती. जाळीचा एक कोपरा तिने पंजाने ओढून बघितला, मग दुसरा. तिथून स्वयंपाकघराची खिडकी. तिथून परत दार. सगळी दारं-खिडक्या तपासून झाल्यावर ती दाराशी तोंड वर करून ओरडू लागली. भुकेचं ओरडणं मला माहीत होतं, हे ते नव्हतं. लांब, खालच्या सुरातलं, मध्येच थांबून कुणी उत्तर देतंय का ऐकणारं.

"अगं ए, इकडे ये," मी पलंगावरून म्हटलं. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हे रोजचं होतं. इतकी वर्षं ते रोज होत असणार.

मी वाचायला पुस्तकं घेऊन बसायचे, शाळेतल्या सहकारी बायकांशी फोनवर बोलायचे. पण दुपार झाली की मांजर दाराशी आणि मी पलंगावर, दोघी एकाच आवाजाकडे कान लावून. दुसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या. खाली टँकर आला की बायकांची बोलणी. कुणीतरी चप्पल फटफटवत वर येतंय असं वाटायचं आणि ती पावलं आमच्या आधीच्याच मजल्यावर थांबायची. आंघोळीला जायचं तर वॉकर, पाणी प्यायचं तर वॉकर. भिंतीवरचा एक ओलीचा डाग मला इतका पाठ झाला की डोळे मिटूनही दिसायचा. संध्याकाळी नवरा कुलूप उघडून आत आला की मी त्याच्यावर उगीचच चिडायचे. भाजी कोणती आणली यावरूनही.

आई अधूनमधून यायची. राहा म्हटलं तर राहायची नाही. "कोंबड्यांना पानी कोन ठेवील?" खालच्या ताईंकडून किल्ली घ्यायची, गुडघे दाबत तीन मजले चढायची, जेवण करून वाढायची आणि उन्हं उतरायच्या आत निघायची.

एकदा आई आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. कुलूप निघालं, दार ढकललं गेलं आणि तिच्या पायांमधून काहीतरी सपकन गेलं.

"गेली गं बाय, गेली!"

मी वॉकर ओढत दारापर्यंत पोहोचले. आई पिशव्या तिथेच टाकून जिन्यात उभी. वरून आवाज आला असं तिला वाटलं. "गच्चीवर गेली असंल," म्हणत ती वर चढू लागली. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. तेवढ्यात मांजरीचं ओरडणं आलं, पण खालून.

"आई! खाली आहे, खाली!"

आईला ऐकू गेलं नाही. टाकीत पाणी चढवायची मोटर चालू होती, तिची घरघर सगळ्या जिन्यात भरलेली. खालच्या ताईंना हाक मारली, तीही त्यातच बुडाली. फोन आत पलंगावर. मधल्या घरांना कुलपं.

मी वॉकर भिंतीला टेकवला आणि पहिल्या पायरीवर बसले. प्लास्टरचा पाय पुढे सरळ धरला, दोन्ही हात मागे टेकले आणि खालच्या पायरीवर सरकले. मग त्याच्या खालच्या. लहान मूल उतरतं तशी. गाऊन वर सरकत होता, ओढणी गळ्यात अडकत होती. कुणी पाहिलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, आणि कुणी पाहावं असंही वाटत होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दंड थरथरायला लागले. परत वर जाणं आता मला शक्य नाही हे तिथे लक्षात आलं. विचित्र म्हणजे, ते कळल्यावर बरं वाटलं. मग मी भराभर सरकले.

ती तळमजल्याच्या जरा वर सापडली. पहिल्या मजल्यावरच्यांनी जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या रॅकखाली, अंग चपटं करून. तिथून समोर इमारतीचं दार दिसत होतं, सताड उघडं, बाहेर लख्ख ऊन. आणि उंबऱ्यावर कॉलनीतला तपकिरी कुत्रा पाय पसरून झोपलेला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा दार उघडं मिळालं होतं, आणि ती इथे येऊन अडकली होती.

मी हात घातला. तिने मनगटावर बोचकारलं. मग मानेची कातडी धरून ओढली, ओढणीत गुंडाळली आणि छातीशी घट्ट धरली. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली नुसतं धडधडत होतं. माझंही.

आई धापा टाकत खाली आली. मला पायरीवर बसलेली बघून तिने कपाळावर हात मारला. "बाय, तू कशी आलीस?"

"बसून."

मग तिने पुढे होऊन कुत्र्याला हाकललं. "आता आलीच आहेस तर भायेर बस. वर काय ठेवलंय?"

तिच्या खांद्यावर एक हात टाकून, एका पायावर लंगडत मी बाहेरच्या कट्ट्यापर्यंत गेले. समोर लावलेल्या स्कूटरी, टँकरने सांडलेलं पाणी, दोरीवर कुणाच्या तरी चादरी. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. पण चेहऱ्याला वारा लागला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओढणीतून मांजरीने डोकं बाहेर काढलं. तिच्या नाकपुड्या सारख्या हलत होत्या. हळूहळू तिची थरथर थांबली आणि ती चादरींच्या हलण्याकडे बघत राहिली.

मोटर बंद झाली तेव्हा खालच्या ताई बाहेर आल्या. "टीचर? तुम्ही खाली कशा? पागल झाल्या काय?" म्हणत त्यांनी आत जाऊन खुर्ची आणली, चहा आणला. नवरा येईपर्यंत मी तिथेच होते.

तो आला आणि मला बघून त्याचा चेहरा उतरला. मग ओरडला. "प्लेट हलली असती म्हणजे? एका मांजरासाठी?"

"तिच्यासाठी नाही," मी म्हटलं. "मलाच यायचं होतं."

ते बोलेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. तो आधी मांजर वर ठेवून आला. मग मी उलटी बसून एकेक पायरी वर सरकले आणि तो माझा पाय धरून माझ्या खाली, एकेक पायरी. अर्ध्यावर त्याने विचारलं, "खूप कंटाळतेस का गं?" मी मान डोलावली.

मला वाटलं होतं, एकदा भ्याली, आता मांजर दाराकडे फिरकणार नाही. झालं उलटंच. ती सकाळपासून दाराशी बसायला लागली. दाराचा रंग नखांनी खरवडून काढला. खाणं अर्ध्यावर टाकायची. नवऱ्याने तिच्यासाठी अंगाला बांधायचा पट्टा आणला आणि रविवारी तिला खाली घेऊन गेला. मी बाल्कनीतून बघत होते. तिने जमिनीला पोट चिकटवलं आणि हलेना. तेवढ्यात गेटमधून टेम्पो हॉर्न वाजवत आत आला. ती उसळली, पट्ट्यात अडकून उलटी झाली, त्याच्या हाताला चावली. तो तिला शर्टात कोंबून वर घेऊन आला. दार लावून घेतल्यावर ती पुन्हा त्याच दाराशी जाऊन बसली.

"हिला काय हवंय तरी काय?" तो रक्त पुसत म्हणाला.

आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "माझ्याकडं आनून दे. अंगन हाय. तिची आयस गेली, पन जागा हाय ना."

नवरा ऐकेना. "तिकडे साप, कुत्री. रात्री कोल्हेसुद्धा येतात म्हणतेस. इथे निदान सुरक्षित आहे."

"सुरक्षित तर मीपण आहे," मी म्हटलं.

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याने कुलूप लावलं नाही. दार नुसतं ओढून घेतलं. मला ते पावलांच्या आवाजावरून कळलं. ती कडी सरकल्याशिवायच खाली गेली.

पुढच्या रविवारी तो मांजरीला भाज्यांच्या जाळीच्या क्रेटमध्ये घालून, वर फळी बांधून, रिक्षाने आईकडे घेऊन गेला. माझं प्लास्टर निघायचं होतं, मला जाता आलं नाही. क्रेटच्या फटीतून मी तिच्या कपाळावरून बोट फिरवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. ते उघडंच होतं.

आईने तिला आधी घरातच ठेवलं. ती तांदळाच्या पिंपामागे लपून बसली होती, खायलाही बाहेर येईना. नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा. "जेवली का?"

"कोन, मी का मांजर?" आई विचारायची.

मग एके दिवशी आई म्हणाली, "सकाळी अंगनात आली. पायरीवर बसली व्हती. मंग गेली." नवऱ्याने विचारलं, "कुठे गेली?" आई म्हणाली, "आता ते मला कसं ठाऊक?" तो फोन ठेवून बराच वेळ टीव्ही न लावता समोर बसून होता. संध्याकाळी आली म्हणून आईचाच फोन आला तेव्हा कुठे जेवला.

आमच्या घरात मग फार शांत झालं. दाराशी कुणी नसायचं, आणि तरी पाणी प्यायला उठले की मी वॉकर तिथून वळवून न्यायचे.

प्लास्टर निघालं, हळूहळू चालायला लागले, शाळा सुरू झाली. पहिल्या सुट्टीला आम्ही दोघं आईकडे गेलो. मांजर बांधावरून आली. वाळली होती, एक कान फाटलेला, अंगाला चिखलाचा वास. तिने माझा दुखरा पाय हुंगला, नवऱ्याच्या मांडीवर चढली आणि त्याने आणलेला बोंबील त्याच्या हातून खाल्ला. मग मांडीवरच गोल होऊन झोपली. तो हलायला तयार नव्हता. चहा त्याने तसाच गार केला. उन्हं कलल्यावर ती उठली, अंग ताणलं आणि खाचराच्या बांधावरून निघून गेली. त्याने एकदा "अगं ए" केलं. तिने कान वळवला, पण थांबली नाही.

"बोलवू नका," आई म्हणाली. "येती ती तिची."

परतताना रिक्षात तो म्हणाला, "कान शिवायला हवा होता का?" मी म्हटलं, "भरला आहे तो."

आता मला चालायला काही त्रास नाही. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, एवढंच. शाळेतून आल्यावर पूर्वी मी दार लावून घ्यायचे आणि सकाळपर्यंत ते उघडायचं कारण पडायचं नाही. आता चहा झाला की पायांत चपला घालते. नवरा पेपरातून डोकं वर काढून विचारतो, "कुठे निघालीस? काही आणायचंय का?"

"काही नाही," मी म्हणते. "खाली जाऊन येते."