कुंकवाचा सामना

आमच्या रग्बी क्लबला दहा वर्षं होत आली तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझी निवड गुणवत्तेवर झाली असं नाही. कार्यकारिणीत मराठी टाइप करता येणारा मी एकटाच निघालो. अध्यक्ष म्हणाले, "स्मरणिकेतली आठ पानं तुमची. जाहिराती कमी आल्या तर दहा."

मराठी माणूस आणि रग्बी म्हटलं की लोक हसतात. हसू द्यावं. सिंगापुरात नोकरीला आलेली, चाळिशीकडे झुकलेली आणि पोटं पुढे आलेली आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी क्लेमेंटीच्या एका मैदानावर क्रिकेट खेळायचो. माझ्या ऑफिसातला एक आयरिश गृहस्थ त्याच मैदानाच्या कडेनं धावायला यायचा. एकदा तो थांबला आणि म्हणाला, "तुम्ही अर्धा वेळ भांडता आणि अर्धा वेळ चेंडू शोधता. आमच्या खेळात चेंडू हरवत नाही." भांडणाबद्दल त्यानं काहीच आश्वासन दिलं नव्हतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

त्यानं आम्हाला टच रग्बी शिकवली. यात पाडापाडी नसते. अंगाला हात लागला की थांबायचं, चेंडू मागे द्यायचा आणि संधी मिळाली की रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. सहा-सहा जणांचे संघ. अंगाला हात लागला की संपलं, हे लहानपणापासून खेळत आल्यामुळे आम्हाला पटकन कळलं. चेंडू मागेच द्यायचा, हे मात्र शेवटपर्यंत पचलं नाही. नोकरीसाठी इतक्या लांब आलेल्या माणसांना मागे बघायची सवय नसते.

चेंडू येण्याआधी आम्ही घटना तयार केली. खेळायला नऊ जण तयार होते आणि पदं निघाली अकरा, म्हणून दोघांना दोन-दोन पदं दिली. बोधचिन्हावर तीन बैठका झाल्या. जर्सीचा रंग पांढरा ठरला, कारण अध्यक्षांच्या मते पांढरा हा कोणत्याच गटाचा रंग नाही. तेव्हा क्लबमध्ये गटही नव्हते. ते रंग ठरल्यावर पडले.

इतिहास कसा लिहायचा हे विचारायला मी आमच्या आयरिश प्रशिक्षकाकडे गेलो, तेव्हा त्यानं कपाटातून एक पातळ पुस्तिका काढून दिली. त्याच्या गावच्या क्लबचा इतिहास. गाव एवढंसं, की मी राहतो त्या चोआ चू कांगच्या चार इमारतींत मावेल. पुस्तिका मी घरी नेऊन वाचली आणि हादरलोच. पानापानावर पराभव. कोणत्या सामन्याला कोण लग्नाच्या जेवणावरून तसाच उठून आला होता, कोणामुळे संघ फुटला आणि कुठल्या दोन भावांनी त्यानंतर चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसायला सुरुवात केली, सगळं नावानिशी. शेवटच्या मिनिटाला एकाच्या हातून चेंडू निसटला आणि गावाचा एकुलता एक चषक गेला, त्याचंही नाव. आणि पुढच्या पानावर त्याच माणसाला क्लबचा अध्यक्ष केल्याचा फोटो.

"त्याच्या घरच्यांना राग नाही आला?" मी विचारलं.

"छपाई त्यांनीच करून दिली," तो म्हणाला. "गावात सगळ्यांना माहीत असतं. छापलं नाही तर लोकांना वाटतं, पुस्तकच खोटं आहे."

आपल्याकडे स्मरणिकेत कोणी हरत नाही. आपण चुरशीची लढत देतो. कोणी भांडून जात नाही, वैयक्तिक कारणास्तव निवृत्त होतो. मी घरी येऊन याच चालीवर पाच पानं झरझर लिहिली आणि सहाव्या पानाला घोडं अडलं.

सहाव्या पानावर माझा मित्र यायचा होता. आम्ही दोघं एकाच महिन्यात पुण्याहून आलो, क्लेमेंटीत एक खोली भाड्यानं घेऊन दीड वर्ष एकत्र राहिलो. क्लब खरं तर आम्हा दोघांचा. पण चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी झालेल्या सामन्यानंतर तो मैदानावर आला नव्हता. मला तो अधूनमधून हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफीला भेटायचा, अघळपघळ गप्पा मारायचा, क्लबचं नाव काढलं की म्हणायचा, "घरात उगाच वाद नको रे." वाद म्हणजे त्याची बायको. आमच्या वयाची माणसं एकमेकांना नावानंच हाक मारतात, पण ती मला पहिल्यापासून थट्टेनं भावजी म्हणायची. त्या दसऱ्यानंतरही भावजीच म्हणत राहिली, फक्त थट्टा गेली.

मी तिला निमंत्रणाचा मेसेज पाठवला. दहा वर्षांच्या समारंभाला दोघंही या, संस्थापक म्हणून त्याचा सत्कार आहे. तिचं उत्तर आलं: "इतिहास तुम्ही लिहिताय असं कळलं. दसऱ्याचा सामना जसा झाला तसा लिहा. मग येऊ."

अध्यक्षांना सांगितलं तर ते खूश झाले. "लिहा की. सगळ्यांचा आवडता किस्सा आहे तो. तुमच्याइतका रंगवून कोणी सांगत नाही."

ते खरंच होतं. चार वर्षं प्रत्येक पार्टीत मी तो सांगत आलो होतो. माझ्या मुलीला पाठ झाला होता. "बाबा, नॉट अगेन लाह," असं म्हणून ती उठून जायची.

किस्सा असा. एका हौशी स्पर्धेत दसऱ्याच्या सकाळी आमचा सामना तोआ पायोहच्या शाळामास्तरांच्या संघाशी होता. तोपर्यंत आम्ही एकही सामना जिंकला नव्हता. प्रशिक्षक रजेवर आपल्या गावी, म्हणून कप्तान मी. निम्मे खेळाडू घरी गाडीची नाहीतर लॅपटॉपची पूजा करत बसलेले. आले फक्त सहा. म्हणजे राखीव कोणी नाही. आता दसऱ्याला शस्त्राची पूजा करायची, आणि आमचं शस्त्र कुठलं, तर चेंडू. मित्राची बायको, म्हणजे आमची वहिनी, घरून करंडा घेऊन आली. चेंडूला हळद लावली, ओलं कुंकू लावलं, वर अक्षता, एक झेंडूचं फूल. अध्यक्षांनी नमस्कार केला. आणि त्याच चेंडूनं सामना सुरू झाला.

सिंगापूरचा दमटपणा आणि आमचा घाम. पाच मिनिटांत कुंकू चेंडूवरून हातावर, हातावरून पांढऱ्या जर्सीवर आणि जर्सीवरून कपाळांवर गेलं. रग्बीत रक्त दिसलं की खेळाडूनं बाहेर जायचं, असा नियम आहे. रेफरी एक करारी चिनी बाई होत्या. त्यांनी शिट्टी फुंकून आमच्या एकाला बाहेर काढलं, तपासलं, जखम सापडेना. मी पुढे होऊन त्याच्या गालावरून अंगठा फिरवला आणि लाल अंगठा त्यांना दाखवला. पावडर, मॅडम, देवाची पावडर. दोन मिनिटांनी दुसरा बाहेर. पुन्हा माझा अंगठा. मग तिसरा. समोरच्या संघातल्या शाळामास्तरांच्याही अंगावर लाल हात उठलेले. तेही आपापल्या दंडांवर जखमा शोधू लागले. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "कप्तान, यापुढे मी तुम्हालाच विचारणार. रक्त की पावडर, सांगा. तुमच्या शब्दावर खेळ चालेल."

मग माझा मित्र आणि एक दणकट मास्तर चेंडूसाठी झेपावले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मित्राचा अर्धा चेहरा लाल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पावडर. खेळ चालू राहिला, शेवटच्या मिनिटाला मीच चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि क्लबच्या इतिहासातला आमचा पहिला आणि आजवरचा एकमेव विजय झाला. कुंकवाची कृपा.

इथे लोक टाळ्या वाजवायचे आणि मी प्लेट घ्यायला उठायचो.

त्यापुढचं मी सांगत नसे. सामन्यानंतर हॉकर सेंटरवर कॉफी समोर असताना मित्राला उलटी झाली. टॅक्सीतून हॉस्पिटलमध्ये नेलं, भुवईवर टाके पडले, डॉक्टर म्हणाले मेंदूला मार बसला आहे. पुढे चार महिने त्याला स्क्रीनकडे बघवत नव्हतं, आणि त्याची नोकरी तर स्क्रीनवरचीच. कंपनीनं थोडे दिवस वाट पाहिली, मग पाहिली नाही. इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घर आवरायच्या गोष्टी सुरू होतात. वहिनीनं खोकी आणून ठेवली होती, मी पाहिली होती ती. अगदी शेवटच्या आठवड्यात दुसरी नोकरी मिळाली, पहिलीपेक्षा धाकटी. लागल्या लागल्या बाहेर आला असता तर एवढं झालं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, खेळायला नको होतं, यापलीकडे काही सांगता येत नाही.

तर आता हे लिहायचं होतं. मी लिहिलं. तीन वेळा खोडून लिहिलं, आणि माझ्या मते फार प्रामाणिक लिहिलं: "घामात मिसळलेलं कुंकू आणि रक्त यांतला फरक त्या धांदलीत कोणाच्याच लक्षात आला नाही, याची रुखरुख क्लबला कायम राहील." रुखरुख शब्दावर मी जरा खूशही होतो. पान वहिनीला पाठवलं.

उत्तर दहा मिनिटांत आलं. "कोणाच्याच हा शब्द काढा. माझ्या लक्षात आला होता, मी रेषेवरून ओरडले, भावजी, ते कुंकू नाही. रोज कुंकू लावणाऱ्या बाईला तुम्ही हात करून गप्प केलंत. आणि तुमच्याही लक्षात आला होता. आधीच्या तिघांच्या वेळी अंगठा रेफरीला दाखवलात. त्याच्या वेळी शॉर्ट्सला पुसलात. कुंकू कोणी शॉर्ट्सला पुसत नाही."

मी फोन पालथा ठेवला. ते खरं होतं. अंगठ्याला लागलेलं कोमट होतं, चिकट होतं, आणि मला त्याच क्षणी कळलं होतं. पाच जणांनी खेळता आलं असतं, नियमात बसत होतं. तो नियम मला आठवला नाही असं लिहिलं तर तेही खोटं ठरेल. बरोबरी होती, थोडीच मिनिटं उरली होती, आणि मला जिंकायचं होतं. लोक लाचेपायी, खुर्चीपायी खोटं बोलतात. मी बोललो ते सार्वजनिक मैदानावरच्या एका सामन्यापायी, जो बघायला अध्यक्ष, वहिनी आणि कुत्रं फिरवायला आलेली एक म्हातारी एवढेच होते. मला माझी लाज वाटली. चार वर्षं टाळ्या घेतल्या त्याची जास्त वाटली.

त्या दुपारी मी पान नव्यानं लिहिलं. रुखरुख काढली. "कप्तानाला ते रक्त आहे हे माहीत होतं. त्यानं पावडर सांगितलं. कप्तान मी होतो."

अध्यक्षांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "अहो, आपल्याकडे एकच विजय आहे. तोही देऊन टाकता?"

"छापणार नसाल तर सगळी पानं परत द्या," मी म्हणालो. दुसरं कोणी टाइप करणारं नव्हतं. पान राहिलं.

वहिनीला पाठवलं. तिचा फक्त अंगठा आला, पिवळा, फोनवर असतो तसला. मला वाटलं, झालं. आता तो येईल, सत्कार होईल, शाल पांघरताना मी त्याला जवळ घेईन. आयरिश पुस्तिकेतल्यासारखं आमच्याही पुढच्या पानावर चांगला फोटो असेल.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "वाचलं," तो म्हणाला.

"मी आधीच सांगायला हवं होतं."

"टॅक्सीत मी तुला विचारलं होतं. रक्त होतं का रे, म्हणून."

"हो."

"तू म्हणालास, आई शप्पथ मला कुंकूच वाटलं." त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता. "चार वर्षं ती मला सांगतेय की तुला माहीत होतं. आणि चार वर्षं मी तिला खोटं पाडतोय. तो तसला नाही, म्हणून. एकदा तर मी तिला म्हटलं, तुझ्या मनातच विष आहे."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"राहू दे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

समारंभाला वहिनी आली. एकटी. पुढच्या रांगेत बसली, स्मरणिका हातात घेऊन ते पान काढलं आणि मांडीवर उघडं ठेवलं. प्रशिक्षकानं तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. सत्कारासाठी मित्राचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तीच उठली. शाल तिनं पांघरून घेतली नाही, हातावर घेतली.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "येणार होतात ना दोघं?"

"मी सांगितलं होतं तसं लिहिलंत, म्हणून मी आले," ती म्हणाली. "त्याला तुमच्याबद्दल आत्ता कुठे कळलंय, भावजी. मला ते पचवायला चार वर्षं मिळाली होती."

मग ती जेवायला न थांबता गेली.