एक पाऊल मागे

जर्मनीत मी चार वर्षं राहिलो. त्यातले दिवस कसे गेले ते मला नीट आठवतं, कारण दिवसा काय करायचं ते कुणीतरी छापून भिंतीवर लावलेलंच असे. संध्याकाळींबद्दल भिंतीवर काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. झिंडेलफिंगेनमध्ये सहा वाजले की घराघरांतले पडदे ओढले जात आणि पडद्यांमागे लोक थंड पावावर थंड चीज ठेवून खात. या वेळेला ते फायरआबेंड म्हणत, म्हणजे कामानंतरची पवित्र वेळ. पवित्र असल्यामुळे तिला सहसा कुणी हात लावत नसे.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी पुण्याहून स्टुटगार्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करायला आलो होतो आणि प्रयोगांसाठी झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात जात होतो. गावात भाड्याच्या खोल्या पुष्कळ होत्या, पण मी दारात उभा राहिलो की त्या नेमक्या पाच मिनिटांपूर्वी गेलेल्या असत. शेवटी मी कामगारांच्या वसतिगृहात जागा घेतली. तिथे माझा रूम पार्टनर होता स्पेनमधल्या ग्रानाडा शहराचा एक तिशीतला कामगार. दोघांचंही जर्मन सारखंच मोडकं असल्याने आमचं एकमेकांशी छान जमे. जर्मन माणसाला मात्र आमच्यापैकी कुणाचंच काही कळत नसे.

दर रविवारी संध्याकाळी पार्टनर दाढी करून, बुटांना पॉलिश करून, काळा सूट घालून स्टुटगार्टच्या मोठ्या स्टेशनवर जाई. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाला तरी आणायला चालला आहे, म्हणून सामान उचलायला मीही गेलो. तिथे त्याच्यासारखे शंभरेक स्पॅनिश लोक तशाच सुटात स्टेशनच्या दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते फेऱ्या मारत होते. त्यांच्या देशात दर संध्याकाळी सगळं शहर असं फिरतं म्हणे. इथे फिरायला छप्पर आणि ऊब असलेली एवढी एकच जागा होती. पुढे मीही त्यांच्यात फिरू लागलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनशे पावलं होत. कुठल्याही गाडीला न जाणारी इतकी माणसं बघून जर्मन प्रवासी आपापल्या बॅगा घट्ट धरत. रेल्वेचा एक म्हातारा शिपाई तर दर रविवारी आमच्यापाशी येऊन फार कळकळीने सांगे, की फ्रान्सकडची गाडी दुपारीच गेली. आम्ही त्याचे आभार मानून पुढची फेरी घ्यायचो.

एका जुलैत पार्टनरची झोप उडाली. ग्रानाडात त्याची वाग्दत्त वधू होती. पाच वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न पैसे जमेनात म्हणून अडलं होतं आणि ते जमवायलाच तो इथे आला होता. आता तिची पत्रं आखडत चालली होती. चार पानांची दोन झाली, दोनाचं अर्धं पान झालं, आणि त्या अर्ध्या पानातही निम्मी चौकशी हवामानाची. ऑगस्टमध्ये कारखाना तीन आठवडे बंद राहणार होता, पण पार्टनरला यंत्रांच्या दुरुस्तीसाठी थांबवून घेतलं होतं. मी पॅरिस बघायच्या तयारीत होतो. पार्टनर म्हणाला, पॅरिस कुठे पळून जात नाही.

माझं काम सोपं होतं. संध्याकाळी शहर फिरायला निघालं, की बाकावर बसून तिच्याकडे फक्त बघायचं. बोलायचं नाही. ती आईच्या हातात हात अडकवून फिरत असली तर ती अजून त्याचीच. मात्र तिच्या शेजारून एखादा पुरुष चालत असेल आणि आई एक पाऊल मागे असेल, तर सगळं संपलं. तिथे ठरलेली जोडपी अशीच फिरतात आणि ते बघितलं की शहराला वेगळं काही सांगावं लागत नाही. फोटो दाखवून त्याने हा नियम माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. मुलगी बघायला जाणं आम्हाला नवीन नव्हतं. कांदेपोहे न खाता बघायची, एवढाच काय तो फरक, असं मी स्वतःला बजावलं.

दोन रात्री आगगाडीत काढून मी ग्रानाडाला पोहोचलो. दुपार होती आणि यच्चयावत दुकानं बंद होती, त्यामुळे मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. पण माझ्या अंगात तोवर जर्मनी चांगलंच मुरलेलं होतं. संध्याकाळ म्हणजे सहा, या हिशेबाने मी सहाच्या ठोक्याला कारंज्याच्या चौकात बाकावर जाऊन बसलो. चौकात मी आणि एक कुत्रं. तेही सावलीत होतं, मी नव्हतो. सातपर्यंत थांबून, इथे कुणी फिरत नाही असं वहीत लिहून, मी खानावळीत परतलो आणि जेवण मागितलं.

खानावळीच्या मालकीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग कसल्याशा फुलांचा कडू काढा आणून दिला. त्या शहरात सात वाजता फक्त आजारी माणसं जेवतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. काढा पिऊन मी आठ वाजता निजलो. रात्री अकराच्या सुमाराला मोठा गलका झाला म्हणून खिडकी उघडली तर खाली सारं शहर जागं. म्हाताऱ्या दारात खुर्च्या टाकून बसलेल्या, तान्ही मुलं कडेवर टक्क जागी, कुठे गिटार, कुठे भांडण. मला वाटलं दंगल झाली, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशीही मी सहालाच गेलो. सवय वाईट. पण या वेळी निश्चय करून नऊपर्यंत बसलो आणि नऊला जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. गल्ल्यागल्ल्यांतून इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं निघाली आणि चौकापासून नदीकाठच्या झाडांपर्यंत सावकाश फिरू लागली. कुणालाही कुठे पोहोचायचं नव्हतं. आमच्याकडे माणूस संध्याकाळी फिरायला निघतो तो डॉक्टरने सांगितलं म्हणून, मफलर बांधून, कर्तव्य उरकल्यासारखा. इथे लोक चक्क मजेसाठी चालत होते. मध्येच दुकानात शिरून पेलाभर काहीतरी पीत, आणि पेल्याबरोबर दुकानदार एका बशीत फुकट खायला देई. मी साधं लिंबूसरबत मागितलं तरी ऑलिव्ह आणि तळलेले बटाटे आले. मग मी सरबतावर सरबत मागवत राहिलो. एका संध्याकाळी मी सात सरबतं प्यायलो आणि ग्रानाडातल्या माझ्या शाकाहारी जेवणाचा प्रश्न असा सुटला.

ती दिसली तेव्हा तिच्या हातात हात होता तो आईचाच. मला इतका आनंद झाला, की जणू माझंच काहीतरी ठरलं होतं. काम फत्ते झालं होतं आणि मी गपचूप उठून जायला हवं होतं. पण तिसऱ्या फेरीला ती सरळ माझ्या बाकापुढे येऊन थांबली आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "शुभ संध्याकाळ. माझं सामान कुठे मिळेल?"

ते तिच्या पुस्तकातलं पहिलं वाक्य होतं. शिवणसामानाच्या दुकानात काम करता करता गल्ल्याखाली पुस्तक ठेवून ती सहा महिने जर्मन शिकत होती. पत्रं आखडली होती ती त्यामुळे. रोज सहाला उन्हात येऊन बसणारा आणि आजारी नसताना सातला जेवणारा सावळा माणूस कोण आणि कुणाकडून आलाय, हे नोंदवहीतल्या माझ्या झिंडेलफिंगेनच्या पत्त्यावरून ओळखून खानावळीच्या बाईंनी एका दिवसात शहरभर केलं होतं. जर्मन बोलायला इथे कुणी नाही, तर रोज माझ्याबरोबर फिराल का, असं तिने विचारलं. आई सोबत होतीच. आई बरोबर असली की आमच्याकडे ती भेट सभ्य समजतात, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

तीन संध्याकाळी मी तिच्याबरोबर फिरलो. आईला जर्मन येत नसल्याने ती सूर्यफुलाच्या बिया सोलत सोलत मागून येई. एकदा आम्ही उघड्यावरच्या सिनेमाला गेलो आणि आई आमच्यामध्ये बसून झोपली. बाकांवरचे म्हातारे माझ्याकडे बघून टोपी उचलत, खानावळीत माझा भात वाढला, आणि शहर किती अगत्यशील आहे असं मला वाटत राहिलं. पार्टनरचा नियम मला तोंडपाठ होता. पण तो माझ्या लेखी दुसऱ्या पुरुषासाठी होता. आपणही पुरुष आहोत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी तिने विचारलं, तो तिथे संध्याकाळी काय करतो. पार्टनरने मला पढवून ठेवलं होतं, की कुणी विचारलंच तर बाग असलेलं घर आहे असं सांग. माझ्या तोंडून मात्र स्टेशन निघून गेलं, आणि मग काळा सूट, म्हातारा शिपाई, सगळंच मी सांगून बसलो. ती नदीकाठच्या झाडांपाशी वळली.

"फेरी केवढी होते?" तिने विचारलं.

"दोनशे पावलं."

"पुरतील," ती म्हणाली. ती हिवाळ्याआधी स्टुटगार्टच्या एका गिरणीत नोकरी मिळवून येणार होती, पण हे त्याला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं. "नाहीतर तो घाईघाईने ते बागेचं घर बांधायला घेईल." मी शब्द दिला.

वसतिगृहात परतलो तर आमच्या दोन खाटांच्या मध्ये दोरीवर घोंगडी टांगलेली. माझ्याआधी ग्रानाडातल्या कुणाची तरी तार पोहोचली होती. तिच्या शेजारून तीन संध्याकाळी एक पुरुष चालला, आई एक पाऊल मागे होती, आणि पुरुष बराच सावळा होता. मी काय सांगणार? शब्द दिला होता. आईसुद्धा होती ना सोबत, एवढंच मी घोंगडीला म्हणालो. पलीकडून उत्तर आलं, "गेनाऊ," म्हणजे बरोब्बर, "मागे होती." मी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला आणि रविवारी सूटही घालेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडलेला मोठा माणूस बघवत नाही. मला स्वतःची भयंकर चीड आली होती.

तीन आठवड्यांनी तिचं पाकीट आलं. घोंगडीमागे बराच वेळ कागद वाजत राहिला. मग घोंगडी बाजूला झाली आणि त्याने पत्र माझ्यापुढे धरलं. ते जर्मनमध्ये होतं आणि वसतिगृहात त्याच्याहून बरं जर्मन वाचणारा जवळचा माणूस मीच होतो. मी मोठ्याने वाचलं. गिरणीचा करार झाला आहे, नोव्हेंबरात येते. तुझ्या मित्राबरोबर सराव केला. त्याचं जर्मन वाईट आहे, पण तो सावकाश चालतो. पार्टनरने मला पत्र चार वेळा वाचायला लावलं. चौथ्या वेळी तो रडत होता आणि घोंगडी दोरीवरून काढून घडी घालत होता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती आली. अंगात पातळ कोट, हातात दोरीने बांधलेली पेटी. उतरताच तिने त्या म्हाताऱ्या शिपायाला गाठून विचारलं, माझं सामान कुठे मिळेल? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणीतरी स्टेशनवर स्टेशनाचा प्रश्न विचारला होता. तो बिचारा हरखून तिला थेट सामानाच्या खिडकीपर्यंत सोडून आला.

मग पार्टनरने तिला हात दिला आणि दोघं फेरीला निघाली. दालनातले सगळे सूट बाजूला होऊन बघू लागले. चार पावलांवर तो थांबला, मागे वळून माझ्याकडे आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "तिची आई इथे नाही. लोक बघतायत. तू मागे चाल. एक पाऊल."

मी पेटी उचलून मागे चालू लागलो. ग्रानाडातलं सगळं मी त्याला सांगितलं होतं, सरबतंसुद्धा. एवढंच सांगितलं नव्हतं, की माझ्या चार वर्षांतल्या खऱ्या संध्याकाळी त्या तीनच होत्या. बिया सोलत मागून येणाऱ्या आईला माझ्या पाठीवरून ते तेव्हाच कळलं असणार.

ती जर्मनमध्ये पावलं मोजत होती, मला ऐकू येत होतं. दोनशेला ती वळली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुरतात." मी मान हलवली आणि त्यांना वळायला जागा देऊन पुन्हा मागे झालो.