जीभ वर करा, मॅडम

रविवारची दुपार. मंदा घोडेस्वार कूलरसमोर चटईवर आडवी झाली आहे, पण डोळा लागत नाही. कालची चिठ्ठी डोक्यातून जात नाही: 'गार्ड उपलब्ध नाही.' मंदा तुरुंगाच्या दवाखान्यात कारकून आहे. कैद्याला तपासणीसाठी बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तर तिथली तारीख तीच मिळवते आणि सोबतीला पोलिसांकडून गार्डही तीच मागवते. तारीख असते तेव्हा गार्ड नसतो, गार्ड असतो तेव्हा तारीख नसते, आणि दोन्हीकडची बोलणी खायला मंदा असतेच. उद्या महिला विभागातल्या फुलवंताबाईची तारीख आहे. छातीत गाठ, तिचा तुकडा काढून तपासायचा. गार्ड मात्र कुठल्याशा मंत्र्याच्या दौऱ्याला. डॉक्टर म्हणाले, "नवी तारीख घ्या," आणि हेल्मेट घालून निघून गेले. नवी तारीख म्हणजे पावसाळा उजाडणार. तोवर गाठ काय दौरा संपायची वाट पाहत बसणार आहे?

खड्ड्यात गेली ती नोकरी, असं पुटपुटत ती कूस बदलते. कूलरची घरघर हळूहळू लांब जाते. वाळ्याच्या वासात फिनाइलचा वास मिसळतो, आणि चटईशेजारी उकंडराव ठोंबरे उकिडवा बसलेला आहे.

पांढरा सदरा, पांढरी टोपी, मांडीवर टॉवेलची घडी. उकंडराव गेल्या दिवाळीआधी वारला, पोटातल्या रक्तस्रावानं. दुर्बिणीची तपासणी व्हायची होती. प्रत्येक तारखेला तो पहाटे आंघोळ करून दाराशी येऊन बसायचा आणि दुपारी कोणीतरी येऊन त्याला बराकीत परत पाठवायचं.

"काहून आले?" मंदा विचारते. मेलेल्या माणसाशी इतकं तुसडं बोलू नये हे तिला कळतं. पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा यांनी यावं म्हणजे काय?

"तारीख हाय न जी," उकंडराव म्हणतो. "बसा. जोडीत बसा लागते."

मोजणीला कैदी जोडीजोडीनं बसतात. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. मंदा नाइलाजानं बसते. समोर तिच्याच स्वयंपाकघराचा ओटा आहे, आणि ओट्यापलीकडे तुरुंगाचं मोठं दार. गॅसवर दूध तापतंय. दारावरचा शिपाई त्याच्यावर डोळा ठेवून उभा आहे.

"मी पत्रं पाठवली होती," मंदा म्हणते. कोणी विचारलेलं नाही, तरी म्हणते. "फोन केले. तुम्हाला दुसरी कामं नाहीत का मॅडम, असंही ऐकून घेतलं. आता मी काय स्वतः बेडी धरून तुम्हाला नेणार होते?"

"मी कुठं काय म्हनलं?"

"मग असं समोर येऊन कशाला बसता?"

"समोर नाई जी. बाजूले."

तिला त्याचा राग येतो. तो ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ओटा आता एसटी स्टँडचा फलाट झाला आहे. फळ्यावर गावांच्या जागी तारखा लिहिल्या आहेत. भोंग्यातून उकंडरावचं नाव पुकारतात आणि बस न थांबता निघून जाते. मागच्या जोडीत फुलवंताबाई बसली आहे. केस ओले, नीट विंचरलेले, मांडीवर फडक्यात बांधलेली कोरडी पोळी. ती दाराकडे पाहते आहे.

"तिले सांगतलं का कोनी, उद्या जानं नाई म्हनून?" उकंडराव विचारतो.

"सकाळी सांगतील."

"हाव. आंघोळ झाल्यावर सांगतेत."

उकंडराव गालातल्या गालात काहीतरी घोळवतो आणि बोटांनी बाहेर काढतो. गुलाबी गोळी. दवाखान्यात पित्ताला हीच, पोटदुखीला हीच, झोप न येणाऱ्यालाही हीच. चघळली की खडू खाल्ल्यासारखं वाटतं.

"घेतली नाही तुम्ही?"

"किती घ्याव जी? तुमी घ्या आता. जळते न तुमचं?"

जळतंच. कालपासून जळतंय. ती दोन बोटांत गोळी धरते आणि तोंडात टाकते.

"आ करा," उकंडराव म्हणतो.

कंपाउंडर रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येकाला हेच सांगतो. गोळी खरंच पोटात गेली का, ते पाहायला. मंदा तोंड उघडते.

"जीभ वर करा, मॅडम."

जीभ उचलली जात नाही. खाली काहीतरी जड अडकलं आहे.

"काय लपवलं?"

"काही नाही."

"मंग फोन कोनाले करा लागते, ते सांगा न."

तिला माहीत आहे. पोलिसांचा गार्ड नसेल तर अधीक्षकसाहेब तुरुंगातले शिपाई सोबत देऊ शकतात. त्यांचा एक शब्द पुरतो. पण तो मागायचा डॉक्टरांनी. कारकुनानं डॉक्टरांना डावलून साहेबांच्या घरी फोन केला, तर त्या कारकुनाची रवानगी धान्याच्या कोठारात होते. आधीच्या बाईंची झाली होती.

"ते माझं काम नाही," ती म्हणते. शब्द पिठाळ होऊन बाहेर पडतात.

"मंग गिळून टाका," उकंडराव शांतपणे म्हणतो. "गिळलं का समदं खाली जाते. मी गिळूनच पाहलं न."

दूध उतू जातं. शिपाई जागचा हलत नाही.

मंदा उठून बसते. कूलरमधलं पाणी संपलं आहे, कोरडी गरम हवा तोंडावर येते. तोंडात खडूची चव आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांवर गुलाबी भुकटी. काल गोळ्यांच्या डब्याला हात लागला असेल, असं ती स्वतःला समजावू पाहते. पण त्यानंतर भांडी घासून झाली, सकाळी कणीक मळून झाली.

ती मोबाइल उचलते. साहेबांच्या नावावर बोट दाबते तेव्हा काचेवर गुलाबी ठसा उमटतो. बऱ्याच वेळानं फोन उचलला जातो.

"आज रविवार आहे, मॅडम."

"माहीत आहे, सर. उद्या पहाटे फुलवंताबाई आंघोळ करून दाराशी येऊन बसेल, म्हणून आजच केला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक होतो. मंदा फोन ठेवत नाही, आणि बोटं पदराला पुसतही नाही.