भोजाऱ्यात मागितलेली मारामारी

मला सिनेमातली मारामारी आवडते. रडारड आवडत नाही. हे मी कोणालाही तोंडावर सांगते आणि सांगितलं की लोक हसतात. बाईमाणसानं सिनेमाला जाऊन पदर डोळ्याला लावायचा, असं कोणी ठरवलं मला माहीत नाही. रडायला मला घर पुरत होतं, त्यासाठी तिकीट काढायची गरज नव्हती.

त्यातही मला आवडायचे ते उडणाऱ्या माणसाचे सिनेमे. दिवसा साधा कारकून, संकट आलं की डोळ्यांवर काळी पट्टी, पाठीवर लाल झगा आणि चालला आकाशातून. आता घरातली माणसं ते जुने सिनेमे टीव्हीवर लागले की खिदळतात. म्हणतात, कमरेची तार दिसते. दिसते, तर दिसू दे. तारेवर का होईना, एक माणूस खरोखर लटकत होता ना? झग्याचं टोक खुर्चीत अडकायचं, तो ते ओढून घ्यायचा आणि मग बुक्की मारायचा. खोकी पुठ्ठ्याची आहेत हे आम्हालाही कळत होतं. आम्ही खेड्यात राहत होतो, आंधळ्या नव्हतो. पण मारणाऱ्याचा हात किती मागं गेला, मार खाणारा कोणत्या पायावर उभा होता, पडता पडता त्यानं कशाला धरलं, हे सगळं दिसायचं. शेवटी शेवटी हिरोला दम लागायचा. केस कपाळावर यायचे. आताचा हिरो अख्खी इमारत पाडतो आणि त्याच्या नाकावर घामाचा थेंब नसतो. धूर, उजेड, आवाज, आणि कोण कोणाला मारतो त्याचा पत्ता नाही. तीन तास धान चुरलं आणि हाती कोंडाच आला, तसं ते.

असा एक सिनेमा मी लग्नाआधी पाहिला, सत्तरच्या पुढं कधीतरी. अड्याळच्या बाजारात तंबू लागला होता. त्या हिरोची सगळी ताकद त्याच्या कमरेच्या पट्ट्यात होती. पट्टा आहे तोवर तो उडायचा, भिंत फोडायचा. शेवटाकडं गुंड तो पट्टा चोरतात आणि हिरोला आरा मशीनवर बोलावतात, लाकूड कापायच्या कारखान्यात. आता हा उडू शकत नाही, नुसत्या हातानं लढणार. आणि नेमकं तेव्हाच तंबूच्या दारातून बापानं हाक मारली, बंडी जुंपली म्हणून. मी उठले नाही तर बाप आत आला आणि दंडाला धरून घेऊन गेला. बैल अंधाराआधी घरी पोचले पाहिजेत, हे त्याचं खरं होतं. पण दहा मिनिटांनी काही वाघ येणार नव्हता.

ताकद गेलेला माणूस नुसत्या हातानं कसा लढला, ते माझं पाहायचं राहून गेलं. ज्याला विचारलं तो वेगळंच सांगे. एक म्हणे फळीनं मारलं, एक म्हणे भुशात पुरलं. लोकांना पाहिलेलं नीट सांगताही येत नाही.

पुढं लग्न होऊन मी शहापूरकडच्या गावात आले. चौथीपर्यंत शिकलेली म्हणून हिशेबाला बरी, आणि तोंडाची तिखट. त्यामुळं पाच-सहा वर्षांत रोवण्याची गँग माझ्याकडं आली. पावसाळ्यात चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवायचे, ते काम बायांचं. आम्ही बारा जणी होतो. पाटलाचं सगळं शेत आम्ही गुत्त्यानं, म्हणजे एकरकमी ठरवून, रोवून देत असू. रोवणा आटोपला की शेतमालकानं रोवणाऱ्यांना जेवण घालायचं, त्याला भोजारा म्हणतात. मजुरी वेगळी, भोजारा वेगळा. तो मानाचा असतो. पाटलाकडं दरवर्षी बकरा कापला जाई.

ऐंशीच्या पुढं भाड्याचा व्हिडिओ निघाला. भंडाऱ्याहून माणूस टीव्ही, मशीन आणि कॅसेटी घेऊन येई. गणपतीत, बारशात लोक लावत. एकदा बाजारात त्या व्हिडिओवाल्याकडं मी कॅसेटींची नावं वाचत उभी होते, तर माझा पट्टेवाला हिरो मिळाला. त्याच दिवशी मी ठरवलं. यंदा भोजाऱ्यात बकरा नको, हा सिनेमा मागायचा.

माझी मोठी जाऊ गँगमध्येच होती. ती म्हणाली, "काय वो, सिनेमा चावता येते का?"

"मटन दोन घासाचं. सिनेमा वर्षभर पुरते."

"तुले पुरंल. आमाले दुसऱ्या दिवशी भूक लागते."

तरी बाकीच्या तयार झाल्या. माझ्यावर माया म्हणून नाही. अर्ध्या जणींनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता आणि पाटलाच्या घरात सतरंजीवर बसायला मिळणार होतं. पाटलाला काय, बकरा वाचला. तो लगेच हो म्हणाला.

पण त्या वर्षी पाऊस ओढला आणि रोवणा लांबला. व्हिडिओवाल्याकडं एकच दिवस मोकळा होता आणि त्या दिवशी आमची शेवटची बांधी रोवायची राहिली होती. पऱ्हे खोदून, पेंड्या बांधून पाण्यात ठेवलेले. जाऊ म्हणाली, रोवणा झाल्याबिगर भोजारा होत नाही, आजवर कोणी केला नाही. मी म्हटलं, सिनेमा दुपारी, बांधी त्यानंतर, अर्ध्या दिवसाचं तर काम आहे. सगळ्यांनी मान डोलावली. माझंच चालायचं तेव्हा.

टीव्ही बंडीतून आला, गोधडीत गुंडाळून. धानाच्या कोठीच्या खिडकीला पोती लावून अंधार केला. आम्ही बारा जणी ओल्या लुगड्यांनी बसलो. सिनेमा सुरू झाला आणि पहिली मारामारी आली. बँकेत दरोडा, हिरो काच फोडून आत. त्यानं हात उचलला आणि चित्र एकदम मुंग्यांसारखं पळायला लागलं. दोन क्षणांत मारामारी संपून हिरोची आई देवापुढं रडत बसलेली.

"काय झालं बावा?" मी विचारलं.

व्हिडिओवाला म्हणाला, "पाटलीणबाईनं सांगतलं. बायाइले मारामारी पाह्यवत नाही, तेवढी पळवून दे म्हने."

"कोनत्या बाईले पाह्यवत नाही? हात वर करा."

जावेनं हात वर केला. तिनं आदल्या वर्षी काठीनं साप मारला होता आणि शेपूट धरून गावभर दाखवला होता.

"खाली कर तो हात. बावा, मागं घे. सगळी मारामारी पाहू आमी."

त्यानं बटन दाबलं आणि चित्र उलटं चालायला लागलं. आता हे मी आधी पाहिलं नव्हतं. जमिनीवर पडलेले गुंड आपसूक उठत होते, उलट्या पावली चालत येऊन हिरोपुढं गाल करत होते आणि गालावरची बुक्की हिरोच्या हातात परत जात होती. फुटलेली काच गोळा होऊन खिडकीत बसली. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

मग मारामारी सुलटी झाली. ती कोणी नीट पाहिली नाही. संपली तशा ओरडल्या, "बावा, उलटी लाव! पुन्हा उलटी!"

"अवो, सिनेमा पुढं जाऊ द्या," मी म्हटलं.

"तूच म्हनत होतीस ना, मागं घे म्हनून?"

त्या दुपारी प्रत्येक मारामारी आम्ही तीनदा पाहिली, एकदा सुलटी आणि दोनदा उलटी. गच्चीवरची, ट्रकच्या टपावरची, आणि ती झग्यात गुंडाळून मारायची. ती फार छान होती, झगा गुंडाच्या डोक्यावर टाकून वरून गुद्दे, आणि गुंडाचे नुसते पाय नाचताना दिसत. माझ्या बायांना ती उलटीच आवडली, कारण उलटी केली की गुंड झग्यातून बाळंत झाल्यासारखा बाहेर येई. व्हिडिओवालाही रंगात आला. मी सांगत राहिले, आरा मशीन यायची आहे, खरी गंमत पुढंच आहे. कोण ऐकतं.

एकदाची आरा मशीन आली. हिरोचा पट्टा गेलेला. झगा नाही, पट्टी नाही, कारकुनाचाच सदरा. त्यानं बाह्या दुमडल्या. चौफेर सागाचे ओंडके रचलेले, सहा गुंड ओंडक्यांमागून बाहेर आले. त्यातल्या एकानं आरा सुरू केला, पातं फिरायला लागलं, हिरोनं मागं न पाहता एक पाऊल मागं घेतलं, आणि लाइन गेली, टीव्ही काळा.

आम्ही बसून राहिलो. पोती काढली तेव्हा बाहेरचा उजेड आत आला आणि अकरा तोंडं माझ्याकडं वळलेली दिसली.

"झाला का वो तुया भोजारा?" जाऊ म्हणाली.

कोणी म्हणालं, परवा जिवतीची अवस, मग श्रावण. म्हणजे आता महिनाभर मटणाचं नाव नाही. हे त्यांना आत्ता आठवलं. उलट्या मारामाऱ्या पाहताना आठवलं नव्हतं. उलटी-सुलटी केली नसती तर सिनेमा केव्हाच संपला असता, पण हे कोणाला सांगायचं? पहिल्यांदा मागं घे म्हणणारी मीच.

मी ओसरीवर पाटलाकडं गेले. तो सुपारी कातरत होता.

"पाटील, भोजारा अर्धाच झाला."

"लाइन मी नेली का?"

"नाही. पन बांधी बी अर्धीच होईल मंग."

त्यानं अडकित्ता थांबवला. "पऱ्हे काढून ठेवले हायेत. पिवळे पडतील."

"पडतीलच."

पाटील काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला फजिती आवडत नसे. भोजारा अर्धा ठेवला म्हणून गावात झालं असतं. अडकित्ता खाली ठेवून तो म्हणाला, "हे पाह्य. व्हिडिओवाल्याले उद्यापर्यंत थांबवतो, नाही तं आत्ता बकरा कापतो. दोन्ही होनार नाही. काय ते सांग."

त्यानं मला विचारलं होतं. गँगची पुढारीण मी होते. सिनेमा म्हणायला एक शब्द लागला असता. पण भोजारा बारा जणींचा होता, माझ्या एकटीचा नव्हता. मी कोठीच्या दाराशी जाऊन विचारलं, "उद्या सिनेमा का आज..."

"बकरा," अकरा जणी म्हणाल्या. पुरतं विचारूही दिलं नाही.

मग काय, बकरा कापला गेला आणि मटण शिजेपर्यंत बांधी रोवून टाका म्हणून आम्ही चिखलात उतरलो. पुढारीण रांगेच्या टोकाला असते. तिचा हात चालेल तशी रांग मागं सरकते. ती मध्येच निघाली की सगळ्या कमरा सरळ होतात आणि रोवणा तिथंच बसतो. अर्धी बांधी झाली असेल, तेवढ्यात पाटलाच्या घराकडून ढिशुम ढिशुम ऐकू आलं.

लाइन आली होती. व्हिडिओवाला जेवणासाठी थांबला होता, त्यानं मशीन लावली. थोड्या वेळानं पाटलीणबाई स्वतः बांधीच्या धुऱ्यावर आली, हातात मटण ढवळायचा पळा.

"अवो, चाला ना! लई जोरात मारून राहिला तो!"

हीच ती, जिला बायांना मारामारी पाहवत नाही असं वाटत होतं. सांगून परत पळाली, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून.

जाऊ म्हणाली, "जा, तुयी जागा मी सांभाळीन."

"तू सांभाळशील आन पोळ्यापर्यंत सांगत फिरशील."

"सांगीन तं. पन जा."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. पण पूर्ण भोजाऱ्याला पूर्ण बांधी, हे पाटलाला सांगून आले होते मी. मी गेले असते तर बाकीच्याही गेल्या असत्या आणि पऱ्हे तसेच पडले असते. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, आणि मी वाकूनच राहिले.

आवाज सगळा येत होता. आधी आऱ्याची घरघर, मग काहीतरी गडगडलं. ओंडके असणार. बुक्क्या मोजायचा मी प्रयत्न केला, पण एका माणसाच्या हातून निघतील त्यापेक्षा त्या फार जास्त होत्या. मग आरा बंद पडला. मग बराच वेळ काहीच नाही. तेव्हा नेमकं काय चाललं असेल? दम लागला असेल का त्याला? खाली पडला होता का? मग पाटलाच्या घरच्यांनी आरडाओरडा केला आणि बाजा वाजायला लागला.

"जिंकला वाटते," एक जण म्हणाली.

"जिंकनारच ना," जाऊ म्हणाली. "हिरो हाये तो."

जिंकतो, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. मला कसा ते पाहायचं होतं. हे त्या अकरा जणींना मी आयुष्यभर समजावू शकले नसते, म्हणून म्हटलं, "हात चालवा, तोंडं नका चालवू."

बांधी झाली. पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले आणि ओसरीवर पंगत बसली. व्हिडिओवाला समोरच जेवत होता. तो म्हणाला, "सांगू का बाई शेवटी काय झालं ते? पहिले तं तो..."

"जेव गुपचूप," मी म्हटलं. तोंडानं सांगितलेली मारामारी मला नको होती. त्यासाठी अड्याळचं अख्खं गाव होतं.

जाऊ हाड फोडत होती. मटणात मीठ जास्त पडलं होतं, पाटलीणबाईचं लक्ष चुलीवर नव्हतं ना. मी दोनदा वाढून घेतलं.