बरणीतला पापडखार

मे महिन्यातला रविवार, दुपार, जळगाव. हजर: मी, धुळ्यातल्या देवपूरहून आठवडाभरासाठी आलेली थोरली बहीण अक्का, आणि आमचे हे, अर्धवट झोपेत.

अक्काच्या पर्समध्ये फिल्मचा एक रोल होता. भावजी गेले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात राहिलेला. त्यात काय आहे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो एकदाच धुता येणार होता. मी रोल घरीच धुते, स्वतः कालवलेल्या द्रावणात. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सीची पूड. सगळं वजन करून, क्रमाने. तरी अक्का पर्स मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

"आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघ," ती म्हणाली. "मना भरोसा नही शे."

माझी पद्धतच ती आहे. द्रावण कालवलं की फुकट गेलेल्या जुन्या रोलचा तुकडा उजेडातच त्यात टाकायचा. थोड्या वेळात तो काळाकुट्ट व्हायला हवा. हा जेमतेम मळकट झाला. मी आधी कॉफीवर संशय घेतला, मग वजनकाट्यावर, मग ह्यांच्यावर.

"मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जातो," हे म्हणाले.

"आणि बरण्या घासायला?"

"ते तू सांगतेस म्हणून."

सोड्याची बरणी उजेडात धरली. आतली पूड माझ्या सोड्याहून पिवळसर होती. अक्का खिडकीबाहेर बघायला लागली.

"अक्का."

"काल गच्चीवर पापड घातले, त्यातला पापडखार उरला होता. बरणीचं झाकण घट्ट दिसलं."

"आणि माझा सोडा?"

"गोधड्या धुतल्या ना परवा, त्यात संपला. धुण्याचा सोडा फडताळात कोण ठेवतं, बाई?"

गच्चीवरच्या पापडांत नक्की काय गेलंय, तेही मी विचारून घेतलं.

"खारच. मी काय आंधळी आहे?"

दुकानं बंद, अक्काची धुळ्याची बस संध्याकाळची. खार भाजला की सोड्याच्या जवळपास जातो, एवढं वाचलेलं होतं. लोखंडी कढईत मंद आचेवर रव्यासारखा परतला. पूड आधी उकळल्यासारखी हलली, मग शांत झाली. जुनं द्रावण ओतून दिलं, नवं कालवलं, माठातलं पाणी घालून निववलं. दुसरा तुकडा काळा झाला.

मी हात पुढे केला. अक्काने पर्सची चेन ओढली.

"खारात मीठ नसेल कशावरून?"

मीठ असलं तर फोटो बिघडू शकतात, आणि काळ्या तुकड्यावरून ते कळत नाही. तिच्या जागी मीही रोल दिला नसता. नवा सोडा आणून एक अख्खा साधा रोल नीट धुऊन दाखव, मग बघू, असं ठरलं. संध्याकाळी पर्ससकट ती बसमध्ये चढली.

सोडा आणलाय, बरणीवर चिठ्ठी लावलीय. कॅमेऱ्यात साधा रोल घातलाय, त्यातले निम्मे फोटो काढून झालेत. उरलेले काढायचे, तो धुवायचा आणि वाळला की देवपूरला नेऊन अक्काला दाखवायचा.